काट्यावरचा भाव



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांची माझी गाठ आयुष्यात दोनदाच पडली. दुसऱ्यांदा भेटलो तेव्हा त्यांनी विचारलं, ‘तुमच्याकडे यंदा कापसाला काय भाव?’ मी तोंडपाठ असलेला आकडा सांगितला. त्यांनी पुढं विचारलं, ‘हा जाहीर झालेला, की हातात पडलेला?’ मला उत्तर देता आलं नाही. शेतीवर लेख लिहिणारा माणूस मी, आणि माझ्याच गावात किती जणांना तो भाव मिळाला हे मला ठाऊक नव्हतं. त्या प्रश्नाला पंचवीस वर्षं झाली. आज त्याचंच उत्तर द्यायला उभा आहे.

सरकार शेतमालाच्या भावाला जो आधार देतं, त्याची नावं पुष्कळ आहेत. हमीभाव, अनुदान, बोनस, अर्थसाहाय्य, भावांतर. मी तीन पिकांच्या गोष्टी सांगणार आहे: कापूस, सोयाबीन आणि कांदा. सोयाबीनवर जास्त वेळ घेईन, कारण ते दुखणं आजचं आहे.

आधी कापूस.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कोरडवाहू गावचा. घरात कापूस आला की आम्हा पोरांना झोपायला जागा उरत नसे. पुढची खोली आढ्यापर्यंत भरलेली, आणि आम्ही ओसरीत. दिवाळीनंतर बाबा बंडी भरायचे. खरेदी केंद्र तालुक्याच्या गावाला. रात्रीचं जेवण करून निघायचं, पहाटे पोचायचं, आणि पोचल्यावर दिसायचं की आपल्या पुढं दोन-अडीचशे बंड्या उभ्या आहेत. दोन रात्री रांगेत काढल्याचं मला स्वच्छ आठवतं. बैलांपुढं कडबा, बंडीखाली आम्ही बापलेक, आणि अंगावर टाकायला बंडीतलंच पोतं. तिसऱ्या दिवशी ग्रेडर आला. त्यानं बंडीच्या कडेनं कोपरापर्यंत हात घातला, मूठभर कापूस ओढून काढला, बोटांत ताणून पाहिला आणि एक शब्द उच्चारला. बस्स. त्या एका शब्दावर आमचं वर्ष ठरायचं. मायनं कवडी कापूस वेचतानाच बाजूला काढलेला असायचा, त्यासाठी ती दोन वेगळ्या झोळ्या बांधून शेतात जायची. पण ग्रेडरच्या मुठीत नेमकं काय येईल, हे मायच्या हातात नव्हतं.

ही कापूस एकाधिकार खरेदी योजना. १९७१ साली कायदा झाला आणि १९७२-७३च्या हंगामापासून खरेदी सुरू झाली. तुमच्यातल्या तरुणांना कदाचित नवल वाटेल, पण महाराष्ट्रात पिकलेला कापूस शेतकऱ्यानं सरकारलाच विकायचा असा कायदा होता. कापसाच्या बाबतीत एवढं मोठं पाऊल देशात दुसऱ्या कुठल्याही राज्यानं उचललं नव्हतं. सरकारनं कापूस घ्यायचा, जिनिंग करायची, गठाणी बांधायच्या, रुई आणि सरकी विकायची, आणि नफा झाला तर तो शेतकऱ्याला परत करायचा. कल्पना किती चांगली होती! व्यापारी जो नफा खिशात घालतो तो पिकवणाऱ्याच्या घरी जावा, यात चूक काय होतं?

चूक कल्पनेत नव्हती. चूक तारखेत होती. चुकारा हप्त्याहप्त्यानं मिळायचा. पहिला हप्ता आला तर खताची उधारी भागायची, पण सोसायटीचं कर्ज मार्चअखेर भरायचं असतं आणि दुसरा हप्ता कधी येईल याचा नेम नसायचा. माझ्या मोठ्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा आमचा कापूस जाऊन अडीच महिने झाले होते. कापसाचे पैसे सरकारकडे होते, आणि बाबांनी लग्नासाठी गाय विकली. शेवटचा हप्ता पावसाळ्याच्या तोंडावर आला.

मग माणसं काय करणार? बाजार वर गेला की सीमेलगतचा कापूस रातोरात शेजारच्या राज्यांत जायचा, कारण तिथं रोख मिळायची. बाजार पडला की बाहेरचा कापूस आपल्या केंद्रांवर यायचा, कारण इथला भाव चढा असायचा. सरकारच्या वाट्याला महागाईत माल नाही आणि मंदीत मालच माल. शिवाय निवडणुका जवळ आल्या की हमीभावाच्या वर भाव जाहीर व्हायचे. तोटा साचत गेला, हजारो कोटींवर पोचला, आणि २००२मध्ये खासगी व्यापाऱ्यांना खरेदी खुली झाली. एकाधिकार संपला.

या योजनेबद्दल दोन मतं ऐकू येतात. सरकारनं व्यापारात पडूच नये, हे एक. व्यापाऱ्यांनी आणि राजकारण्यांनी मिळून योजना मारली, हे दुसरं. दोन्हींत तथ्य आहे. पण बंडीखाली झोपलेल्या पोराला विचाराल तर तो सांगेल की भाव बरा होता, पैसे वेळेवर नव्हते. शेतकऱ्याच्या दृष्टीनं भावाला दोन अंगं असतात: किती आणि कधी. सरकार नेहमी पहिल्याबद्दल बोलतं. सावकार आणि व्यापारी दुसऱ्यावर जगतात.

आता हमीभावाकडे येऊ. हा शब्द आपण इतका वापरतो की त्यातली ‘हमी’ आता आपल्याला ऐकूच येत नाही. हमी कुणी घेतली? कुणाला दिली? कशाची?

१९६४मध्ये एल. के. झा यांची समिती नेमली गेली आणि १९६५च्या जानेवारीत कृषी मूल्य आयोग स्थापन झाला. त्याचे पहिले अध्यक्ष मुंबईचे अर्थशास्त्रज्ञ प्रा. दांतवाला. त्याच महिन्यात भारतीय अन्न महामंडळही उभं राहिलं. काळ कोणता होता ते ध्यानात घ्या. देश अमेरिकेच्या गव्हावर जगत होता, बंदरात बोट लागली तर रेशनच्या दुकानात धान्य. गहू पिकवायचा होता, नवं बियाणं आणि खत वापरायला शेतकऱ्याला तयार करायचं होतं. ‘पीक जास्त आलं आणि बाजार पडला तर आम्ही घेऊ,’ असा शब्द द्यायचा होता. १९६६-६७मध्ये गव्हाला क्विंटलला ५४ रुपये आधारभाव ठरला. पंजाब-हरियाणात हा शब्द पाळला गेला, कारण आकड्यामागं मंडी होती, काटा होता, बारदाना होता, गोदाम होतं आणि धान्य उचलणारं महामंडळ होतं. सरकारला ते धान्य हवंच होतं.

आपल्याकडे काय आलं? आकडा आला. आज २२ पिकांना हमीभाव जाहीर होतो. उसाचा रास्त भाव वेगळा. पण ज्वारी, तूर, सोयाबीन, कापूस यांच्यामागं तो काटा, ते गोदाम, ते रोजचं विकत घेणं तसं कधी उभंच राहिलं नाही. कधी खरेदी होते, कधी अर्ध्यात थांबते, कधी बारदाना संपतो. २०१५मध्ये अन्न महामंडळावर नेमलेल्या शांताकुमार समितीनं सांगितलं की देशातल्या जेमतेम सहा टक्के शेतकऱ्यांना सरकारी खरेदीचा थेट लाभ होतो. मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा माझ्या गावातली घरं मनातल्या मनात मोजली. शंभरात सहा.

आकडा कसा ठरतो, त्यावरही थोडं बोललं पाहिजे. बियाणं, खत, मजुरी, भाडं असा रोख खर्च आणि घरच्या माणसांचे कष्ट मिळून एक हिशेब होतो. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलाचं व्याज धरलं की दुसरा, मोठा हिशेब होतो. स्वामिनाथन आयोगानं खर्चावर पन्नास टक्के धरून भाव द्या असं सांगितलं, आणि २०१८-१९च्या अर्थसंकल्पापासून सरकार पहिल्या, लहान हिशेबाच्या दीडपट भाव देतं. शेतकरी संघटना मोठ्या हिशेबाची दीडपट मागतात. भांडण या दोन हिशेबांतलं आहे. त्याहून मला टोचतं ते हे की हमीभाव साऱ्या देशाला एकच असतो. पावसावर पिकवणाऱ्या वाशीमच्या माणसाचा खर्च आणि कालव्याच्या पाण्यावर पिकवणाऱ्याचा खर्च एकाच सरासरीत मिसळला जातो.

पण समजा आकडा योग्य आहे. तर मग? आता मी तुम्हाला एका बाईंकडे घेऊन जातो. नाव सांगत नाही, त्यांनाही ते आवडणार नाही.

२०२४चा ऑक्टोबर. तीन एकर सोयाबीन, सासऱ्यांच्या नावावरची जमीन, नवरा चार वर्षांपूर्वी गेला. थ्रेशरवाल्याचे पैसे देऊन अकरा क्विंटल सोयाबीन घरात आलं. हमीभाव ४,८९२ रुपये. बाजारात चार हजारांच्या आसपास. म्हणजे केंद्रावर जाणंच शहाणपणाचं. त्यांनी सातबारा, आधार, बँकेचं पासबुक, सगळं नेऊन नोंदणी केली. मोबाइलवर संदेश यायची वाट पाहिली. संदेश आला तेव्हा दिवाळी होऊन गेली होती आणि दुकानदार दोनदा दारात येऊन गेला होता.

मी त्या दिवशी केंद्रावर होतो. भाड्याच्या छोट्या हत्तीतून त्यांचे कट्टे उतरले. तिथल्या माणसानं एका कट्ट्यात परखी खुपसली, पसाभर दाणे काढले, ओलावा मोजायच्या यंत्राच्या डबीत टाकले, झाकण फिरवलं. आकडा आला १४.२. मर्यादा १२ची. ‘वाळवून आणा,’ एवढंच तो म्हणाला. तोही उद्धट नव्हता बरं का. त्याच्या हातात काहीच नव्हतं. बाईंनी तिथंच, केंद्राच्या आवाराबाहेर, डांबरी रस्त्याच्या कडेला ताडपत्री अंथरली आणि सोयाबीन पसरलं. पायानं फेसाटत, उलथापालथ करत त्या चार वाजेपर्यंत उन्हात उभ्या होत्या. चारला पुन्हा मोजलं. १३.१. टेम्पोवाला म्हणाला, मावशी, मुक्काम केला तर भाडं दुप्पट. रस्त्यापलीकडे व्यापाऱ्याचं दुकान होतं. त्यानं यंत्र लावलं नाही. मुठीत दाणे घेतले, एक दाणा दाताखाली फोडला आणि म्हणाला, ‘४,०५०. रोख.’

अकरा क्विंटल. क्विंटलमागं ८४२ रुपये कमी. ९,२६२ रुपये. त्या बाईंनी तो हिशेब माझ्यासमोर बोटांवर केला, आणि शेवटचे दोन रुपयेसुद्धा सोडले नाहीत.

पुढं काय झालं? नोव्हेंबरच्या मध्यावर सरकारनं ओलाव्याची मर्यादा १२ वरून १५ टक्के केली. निर्णय चांगलाच होता, मी त्याचं स्वागतही केलं. पण १४.२ आकड्याचं सोयाबीन तोवर व्यापाऱ्याच्या गोदामात होतं. पाऊस लांबला होता हे ऑक्टोबरातच सगळ्यांना दिसत होतं. मग ऑक्टोबरातच ही सवलत का देता आली नाही? आणि ज्या काट्यावर सरकार ओलं सोयाबीन नाकारतं, त्या काट्याशेजारी एक साधं वाळवण-अंगण, एक पत्र्याची शेड का असू नये?

त्याच वर्षी, खरीप २०२३च्या कापूस-सोयाबीनसाठी राज्य सरकारनं हेक्टरी ५,००० रुपये अर्थसाहाय्य दिलं, दोन हेक्टरांच्या मर्यादेत. बाजार पडला होता, त्याची भरपाई म्हणून. बाईंच्या वाट्याला सहा हजार येत होते. पण जमीन सामाईक. धाकट्या दिराचं संमतीपत्र हवं, दीर परगावी नोकरीला, ‘पुढच्या महिन्यात येतो’ म्हणत राहिला. ते सहा हजार आले नाहीत. दुसरीकडे मी असे खातेदार पाहिले, जे दहा वर्षांत बांधावर गेलेले नाहीत, शेत मक्त्यानं दिलेलं आहे, आणि पैसे त्यांच्या खात्यात जमा झाले. मक्तेदाराला त्यातला रुपया मिळाला नाही. त्या खातेदारांना मी दोष देत नाही, त्यांनी काही खोटं केलं नाही. पण सातबारावरचं नाव आणि शेतात वाकलेली पाठ, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे महसूल खात्याला कळत नाही असं कसं म्हणू? सबंध गावाला ते कळतं.

तिसरी गोष्ट कांद्याची, आणि ती थोडक्यात, कारण तुम्हाला ती ठाऊक आहे. २०२३च्या सुरुवातीला कांदा इतका पडला की काढणीचा खर्च निघेना. राज्यानं क्विंटलला ३५० रुपये अनुदान दिलं, १ फेब्रुवारी ते ३१ मार्चपर्यंत विकलेल्या कांद्याला, माणशी २०० क्विंटलपर्यंत. मग त्याच वर्षी भाव जरा सावरायला लागला तेव्हा ऑगस्टमध्ये केंद्रानं निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं, ऑक्टोबरात किमान निर्यातमूल्य बांधलं आणि ८ डिसेंबरला निर्यातच बंद केली. बंदी उठली ती पुढच्या मे महिन्यात, शुल्क पूर्ण गेलं ते १ एप्रिल २०२५ला. लासलगावच्या शेतकऱ्यानं हा हिशेब कसा मांडावा? मंदीत ३५० मिळाले, आणि तेजीत त्याच्या पदरात पडणारे हजारो अडवले गेले. शेतकरी नेते शरद जोशी यालाच उणे सबसिडी म्हणत. सबसिडी शेतकऱ्याला मिळत नाही, शेतकरीच देशाला देतो, हे त्यांचं म्हणणं चाकणच्या कांदा आंदोलनापासूनचं.

शहरात राहणाऱ्यांची बाजू मला कळते. कांदा शंभरावर गेला की मजुराच्या घरात भाजी कशाची करायची? तो प्रश्न खरा आहे. त्या मजुराला स्वस्त कांदा द्यायचा असेल तर त्याचा बोजा तिजोरीनं उचलावा. तो एकट्या निफाड-येवल्याच्या शेतकऱ्यानं का उचलावा?

तेलाचंही असंच आहे. कच्च्या खाद्यतेलावरचं आयातशुल्क दोन-तीन वर्षं साडेपाच टक्क्यांवर होतं. सोयाबीनचा भाव पडायचं ते एक मोठं कारण. सप्टेंबर २०२४मध्ये ते साडेसत्तावीसवर नेलं, आणि २०२५च्या मे महिन्यात पुन्हा खाली आणलं. पेरणीच्या तोंडावर! ज्या पिकाचा हमीभाव आपण वाढवतो, त्याच पिकाचा बाजार आपणच खाली ओढतो, आणि मग फरक भरायला अनुदान वाटतो.

मग फरकाचे पैसे थेट खात्यात द्यावेत, असं पुष्कळ जण सुचवतात. मध्य प्रदेशानं २०१७च्या खरिपात आठ पिकांसाठी भावांतर योजना आणली. बाजारात विका, आणि सरासरी बाजारभाव व हमीभाव यांतला फरक सरकार देईल. विक्रीची मुदत ठरलेली. सगळ्यांनी त्या मुदतीत माल आणला, बाजार आणखी पडला. व्यापाऱ्याला ठाऊक होतं की शेतकऱ्याला फरक सरकार देणार आहे, मग त्यानं जास्त का द्यावं? आणि फरक सरासरीवर मोजलेला, त्यामुळं ज्याला सरासरीहून कमी मिळाले तो तसाच मागं राहिला.

गोव्यात हाच विचार लहान प्रमाणावर, जरा वेगळ्या रीतीनं चालतो. काजू, नारळ, सुपारी, भात यांना आधारभूत किंमत आहे. बागायतदार नोंदलेल्या संस्थेला माल विकतो, पावती घेतो, आणि बाजार खाली असेल तर फरक त्याच्या खात्यात येतो. राज्य लहान, पिकं मोजकी, घेणाऱ्या संस्था ओळखीच्या. तसंच्या तसं विदर्भात उचलता येणार नाही. पण पावतीवर पैसे देणं, जमिनीच्या उताऱ्यावर न देणं, एवढं तरी शिकता येईल. ज्यानं माल काट्यावर टाकला त्याच्या हातात पावती असते. मक्तेदाराच्या हातातही असते. विधवेच्या हातातही असते.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे आधीपासून आहे, तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. राज्याच्या कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१पासून चालू आहे. माल बाजार समितीच्या गोदामात ठेवायचा, किमतीच्या पाऊणपटीपर्यंत सहा टक्के व्याजानं कर्ज घ्यायचं, आणि बाजार सुधारला की विकायचं. मघाशी मी ‘किती आणि कधी’ म्हणालो ना, त्यातल्या ‘कधी’चं हे उत्तर आहे. दिवाळी, दुकानदार आणि मार्चअखेर, या तिन्ही तारखा यातून निभावतात. ज्या बाजार समित्यांनी ती मनावर घेतली तिथं शेतकरी सुगीत माल फुंकत नाही. जिथं गोदाम नाही किंवा संचालकांना रस नाही, तिथं फलकसुद्धा दिसत नाही. अनुदानाच्या रकमेतला थोडा भाग गोदामांवर आणि वाळवणाच्या शेडांवर खर्च झाला, तर पुढच्या वर्षी तेवढं अनुदान कमी द्यावं लागेल, असं माझं प्रामाणिक मत आहे. आणि खरेदी केंद्र पीक घरात येण्याआधी सुरू व्हावं. सोयाबीन दसऱ्याला येतं, हे काही गुपित नाही.

सगळा माल सरकारनं घ्यावा, असं मी म्हणत नाही. कापसाच्या एकाधिकारानं ते शिकवलं. सरकारचा काटा बाजारात वेळेवर लागला, चोख मोजू लागला आणि आठवड्यात पैसे देऊ लागला, की पलीकडचा व्यापारीही भाव वाढवतो. हे मी कित्येक गावांत पाहिलं आहे.

२०२५-२६च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये जाहीर झाला आहे. पीक अजून शेतात उभं आहे, शेंगा भरताहेत. गेल्या महिन्यात मी त्या बाईंकडे जाऊन आलो. त्यांनी आणि गटातल्या बायकांनी मिळून बचतीच्या पैशातून ओलावा मोजायचं यंत्र घेतलं आहे. ते देव्हाऱ्याशेजारच्या फडताळात, फडक्यात गुंडाळून ठेवलेलं असतं. बाईंनी ते काढून दाखवलं, मूठभर जुनी तूर डबीत टाकून आकडा वाचून दाखवला. म्हणाल्या, ‘आता घरूनच बाराच्या खाली करून नेऊ, भाऊ. पण केंद्र कधी सुरू होईल, ते तुम्हाला कळलं तर मला फोन करा. दिवाळीच्या आधी आहे ना?’

मी त्यांचा नंबर लिहून घेतला आहे. तारीख मला अजून कुणी सांगितलेली नाही.